बाबांच्या दगडाखाली

विंडवर्ड, कॅरियाकू
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय ॲन्सेलदादा,

तू ईस्टरच्या सुट्टीत दोन आठवडे येतो आहेस, आणि तेही स्कूबा डायव्हिंग करायला, हे वाचून मी दुकानातच ओरडले. दुकानाचे मालक मिस्टर रोच आतून धावत आले. त्यांना वाटलं, हवेचा सिलिंडर माझ्या पायावर पडला. मी म्हटलं, "माझा आतेभाऊ येतोय, इंग्लंडहून." ते म्हणाले, "मग पाय शाबूत आहे ना? जा, मास्क धू."

आपल्या घरात समुद्रावर जाणारे सगळेच होते, पण समुद्राखाली जाणारी मी एकटी. आता दोघं होऊ. आजीला माझं हे काम अजून पटत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "घरातली पहिली पदवी हिची. जमैकाला जाऊन समुद्रातले प्राणी शिकून आली. आणि करते काय, तर सुट्टीवर आलेल्या लोकांना मासे दाखवते."

तू विचारलं नाहीस, पण विचारणार आहेस हे मला माहीत आहे. हो, 'मिस थिओडोरा' दिसते. मी लोकांना तिथे नेते. बाबांनी आजीचं नाव दिलेलं गलबत, म्हणून गावातल्या पोरांना मी सांगून ठेवलंय की तिथे नीट वागायचं. लाकूड बरंचसं गेलं, फासळ्या उरल्या आहेत. त्रिनिदादहून आणलेल्या सिमेंटच्या गोणी मात्र जशाच्या तशा. कापड कुजून गेलं आणि सिमेंट गोणीच्याच आकारात दगड झालं. त्यावर आता नारिंगी प्रवाळ धरलंय. मी नऊ वर्षांची असताना ज्या वादळात ते बुडालं, त्यातच बाबा गेले. गलबतावर बाबांबरोबर असलेले सिल्व्हनकाका पोहत किनाऱ्याला लागले, बाबा सापडलेच नाहीत. मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा मास्कच्या आत रडले. सांगून ठेवते, मास्कच्या आत रडू नये, काही दिसत नाही.

आता खरं कारण लिहिते. आजीला स्वप्न पडतंय. बाबा दारात उभे असतात, ओलेचिंब. आत येत नाहीत. विचारतात, "माझी जागा कुठे आहे?" तिने त्यांच्यासाठी ताट मांडून पाहिलं, पण स्वप्न थांबलं नाही. म्हातारी माणसं जमली आणि सगळ्यांचं एकमत झालं, कॉनराड आपला कबरीचा दगड मागतोय. पण ज्याला पुरलंच नाही त्याचा दगड कुठे बसवणार? तर ते म्हणाले, त्याच्या गलबतावरची एखादी वस्तू आणा, ती पुरा आणि तिच्यावर दगड बसवा.

आणि ती वस्तू आणू शकणारी या गावात मी एकटी.

मी नाही म्हटलं, दादा. समुद्रातून काही उचलायचं नाही हा नियम मी या किनाऱ्यावर आणला. दोन वर्षं घरोघर जाऊन भांडले. सिल्व्हनकाकांच्या पुतण्याने काळं प्रवाळ तोडून आणलं होतं, ते मी सगळ्यांसमोर त्याला परत समुद्रात टाकायला लावलं. आता माझ्याच घरासाठी मी एक वस्तू वर आणली, तर उद्या माझं कोण ऐकेल? आणि का ऐकावं?

आजी माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट जरा जोरात ठेवते. तू तिचा पहिला नातू. इथे आलास की तिला समजव. तुझं ती ऐकेल.

तुझी
लिरिस


हडर्सफील्ड
२७ फेब्रुवारी १९९६

प्रिय लिरिस,

तुझं पत्र आईने आधी फोडलं. माझ्या नावाचं होतं, पण तिच्या भाचीचं होतं म्हणे. वाचून ते परत पाकिटात घातलं. मग म्हणाली, "कॉनराडला पहिल्यापासून दारात उभं राहायची सवय. आत ये म्हटल्याशिवाय यायचा नाही."

माझं डायव्हिंगचं शिक्षण झालं. आधी तलावात, सात शाळामास्तरांबरोबर. मग एका जुन्या खाणीत, जिथे पाणी भरलंय. थंडी इतकी की ओठ कुठे आहेत ते कळेना. तळाला पोहोचलो, दिव्याचा झोत टाकला, तर समोर काय? बस. डायव्हिंग शिकणाऱ्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून मुद्दाम बुडवून ठेवलेली. वर्षभर बस चालवतो, सुट्टीच्या दिवशी पंचवीस मीटर खाली जातो, तर तिथेही बसच. मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो. शिक्षक हसला, त्याच्या तोंडातून बुडबुडेच बुडबुडे.

तुझा नियम मला पटतो. आईला नाही पटत, पण तिलाही तुझा अभिमान आहे, फक्त ती तो तुला कळू देणार नाही. इथे माणूस गेला की महिन्याभरात दगड बसतो, चित्रं दाखवून विचारतात, कोणता हवा. आई म्हणते, ही काही पद्धत नाही. दगड घाईने बसवायचा नसतो, मागितल्यावर बसवायचा.

माझ्या मनात आलं ते लिहितो. मामाची घरात राहिलेली एखादी वस्तू नाही चालणार? टोपी, पट्टा? म्हणजे आजीचं काम होईल आणि तुझा नियमही राहील. मी आलो की बोलू.

मी सहा वर्षांचा असताना तिथून निघालो. मामाने मला खांद्यावर घेऊन गलबतात चढवलं होतं, एवढंच आठवतं. त्याच्या मानेला डांबराचा वास यायचा. लिरिस, मला ते गलबत बघायचंय. बाकी मासे नसले तरी चालतील.

ॲन्सेल


विंडवर्ड
१५ मार्च १९९६

प्रिय ॲन्सेलदादा,

टोपीचं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "टोपी तो घरी विसरून गेला. जी वस्तू माणूस विसरला, ती त्याची ओळख कशी होईल?" विद्यापीठात असले प्रश्न विचारत नाहीत.

तुला एक गोष्ट दाखवायची आहे. मी शिकून इथे परत आले तेव्हा डायव्हिंगच्या होड्या आणि मासेमारीच्या होड्या मनाला येईल तिथे नांगर टाकायच्या. एक नांगर पडला की शंभर वर्षांचं प्रवाळ मोडतं. एकदा मी 'मिस थिओडोरा'वर गेले, तर बाबांच्या गलबताच्या फासळ्यांत कुणाचातरी नांगर अडकलेला, दोन फासळ्या मोडलेल्या. मग ठरवलं. जुन्या पिंपात सिमेंट ओतून मी मोठा ठोकळा केला, त्यात लोखंडी कडी बसवली, त्याला साखळी आणि वर पाण्यावर तरंगणारा बोया. होडी येते, बोयाला दोर बांधते, नांगर टाकायची गरजच नाही. पहिला ठोकळा मी बाबांच्या गलबताशेजारी बसवला.

आता मला असे बोये सगळ्या प्रवाळाच्या रांगेवर हवे आहेत. मे महिन्यात मच्छीमारांची बैठक आहे, तिथे ठरेल. सिल्व्हनकाका विरोधात आहेत. म्हणतात, "आज बोया, उद्या म्हणतील इथे मासे धरू नका. पोरगी शिकून आली आणि आम्हालाच समुद्र शिकवते." मला राग येत नाही. त्यांना भीती वाटते, एवढंच. पण दादा, हे जर झालं नाही तर दहा वर्षांत इथे दाखवायला काही उरणार नाही, आणि बाबांचं गलबतही नाही.

लवकर ये. गरम कपडे आणू नकोस. आत्याला सांग, आजीने दोन कोंबड्यांना तिचं नाव दिलं आहे. दोघींचं नाव इस्मे आहे.

लिरिस


हडर्सफील्ड
२४ एप्रिल १९९६

प्रिय लिरिस,

घरी पोहोचलो. इथे पाऊस आहे आणि माझ्या नाकाची कातडी निघते आहे. बसमधल्या म्हाताऱ्या विचारतात, "कुठे भाजून घेतलंस रे?"

दोन आठवडे कसे गेले ते समजलं नाही. तुझ्याबरोबर पाण्यात होतो त्यातलं किती लिहू. तू खाली गेलीस की वेगळीच माणूस होतेस. वर एवढी बोलतेस, खाली मात्र बोट जरासं हलवलंस की सगळे थांबतात. डायव्हिंगच्या शेवटच्या दिवशी प्रवाहाबरोबर वाहत जायची ती डाइव्ह, होडी वर मोकळी आपल्या मागे येत होती, आणि आपण काहीही न करता गलबतावरून सरकत गेलो, तेव्हा मला वाटलं मामा असाच रोज जात असेल.

आणि दगडाची रात्र. आईला मी चार वेळा सांगितली, तरी पुन्हा विचारते. मामाच्या खोलीत पलंगावर दगड निजवलेला, त्यावर पांढरी चादर, जणू तापाने झोपलेला माणूस. आजीने रम आणि पाणी शिंपडलं. ढोल सुरू झाले तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो. कुणीतरी ओरडलं, "इंग्लंडवाला, पाय आहेत की चाकं?" मग नाचलो. सकाळी दगड नेला, खड्ड्यात पांढऱ्या फडक्यातली पुडी ठेवली, वर दगड. आजीने टोपीला अखेर होकार दिला म्हणून तू किती खूश होतीस. मला मिठी मारून म्हणालीस, "तूच समजावलंस तिला." मी काही बोललो नाही.

आई म्हणते, लिरिसला सगळं लिही. लिहीन. जरा दिवस जाऊ देत.

आजीला स्वप्न पडतं का, ते कळव.

ॲन्सेल


विंडवर्ड
८ मे १९९६

प्रिय ॲन्सेलदादा,

आजीला स्वप्न पडलेलं नाही. दगड बसल्यापासून एकदाही नाही. रात्री शांत झोपते, सकाळी माझ्याशी बोलते, कधीकधी जास्तच. एवढी एक चांगली गोष्ट आधी लिहून टाकते.

शनिवारी मी कॅनडाच्या एका कुटुंबाला 'मिस थिओडोरा'वर घेऊन गेले होते. आईवडील आणि मुलगी. होडी बोयाला बांधली आणि आम्ही खाली गेलो. वारा वाढला होता, पण फार नाही. वर आलो तर होडी नाही. दूर, खडकांच्या पलीकडे वाहत चालली होती. बोया तिच्या मागे, साखळीसकट.

प्रवाह आम्हाला उघड्या समुद्राकडे ओढत होता. मुलगी घाबरली, पाणी प्यायली. मी तिला पाठीवर घेतलं आणि तिच्याकडून शाळेतली गाणी म्हणवून घेतली. कोण कोणाला धीर देत होतं सांगता येत नाही. शेवटी सिल्व्हनकाकांच्या होडीने आम्हाला बघितलं. सगळे सुखरूप आहेत. पण त्या आईने किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन पाहिलं. ठोकळा जागेवर, त्यातली कडीही जागेवर. पण साखळी ज्या खिळ्याने कडीत अडकवलेली असते तो खिळाच नव्हता. बोटाएवढा जाड, एका टोकाला भोक असलेला. तो फिरू नये म्हणून मी स्वतः त्याला तार बांधली होती, तू येण्याच्या आठवडाभर आधी. मला माझे हात आठवतात बांधताना. तरी आता मी स्वतःलाच विचारते, खरंच बांधली होती का?

मिस्टर रोच मला काढून टाकत नाहीत, पण आता होडीवर दुसरा माणूस देतात. बाजारात सिल्व्हनकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विद्यापीठात सगळं शिकवतात, गाठ मारायला शिकवत नाहीत वाटतं." लोक हसले. त्यांनीच आम्हाला वाचवलं होतं, मी काय बोलणार?

पंचवीस तारखेला बैठक आहे. माझा एक बोया माणसं सांभाळू शकला नाही, तर बाकीचे कोण बसवू देईल? सगळे म्हणतात, पुन्हा नांगर टाकू, नांगर सुटत नाही. मग पुन्हा ते नांगर बाबांच्या गलबतावर पडतील.

तुझं पत्र आलं तर बरं वाटेल.

लिरिस


हडर्सफील्ड
१० मे १९९६

प्रिय लिरिस,

तुझं पत्र आलेलं नाही, पण आई गप्प बसू देत नाही, म्हणून मीच लिहितो. आता सांगायला हरकत नसावी. दगड बसला, आजीची झोप परत आली असणार, आणि जे झालं ते चांगलंच झालं.

त्या पुडीत टोपी नव्हती.

मी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू दुकानात होतीस. आजी अंगणात मटार सोलत होती. माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "तीही पाण्याखाली जाते, तूही जातोस. ती मला नियम सांगते. तू काय सांगणार?" लिरिस, मी रोज चाळीस अनोळखी माणसांना नियम सांगतो, उभे राहू नका, दाराला टेकू नका. तिला मला काही सांगता आलं नाही.

तुला सांगितलं असतं तर तू मला होडीतून उतरवलं असतंस. आणि बरोबरच केलं असतंस. म्हणून मी ठरवलं, प्रवाळ धरलेल्या कशालाही हात लावायचा नाही, जिवंत काही मोडायचं नाही, एकच छोटी वस्तू घ्यायची. शेवटच्या डाइव्हमध्ये आपण गलबतावरून वाहत गेलो, तू पुढे त्या जर्मन जोडप्याला कासव दाखवत होतीस. मागच्या बाजूला, सिमेंटच्या गोणींपाशी, मला एक लोखंडी कडी दिसली, जुनी, गंजलेली, अर्धी वाळूत, एका मोठ्या सिमेंटच्या गोळ्यात रुतलेली. तिच्यात बोटाएवढा खिळा होता, त्याला वाळूत पडलेली साखळी, ती मला गलबताच्या नांगराची वाटली, आणि खिळ्याला तार गुंडाळलेली.

आता नीट वाच. सगळं गंजलेलं होतं, पण ती तार चकचकीत होती. एवढी वर्षं पाण्यात, आणि चांदीसारखी. वाटलं, मामानेच ही राखून ठेवलीये, मी येईपर्यंत. मी सुरीने तार कापली आणि खिळा फिरवला. सहज सुटला, जणू कुणी आतून सोडला. खिळा आणि तार दोन्ही मी हातमोज्यात घातलं.

आजीने तो हातात घेतला, बराच वेळ घट्ट धरून ठेवला. मग म्हणाली, "हो. हा त्याचाच."

रागव माझ्यावर. पण आजीवर नको.

ॲन्सेल


हडर्सफील्ड
१९ मे १९९६

लिरिस,

तुझं आठ तारखेचं पत्र आत्ता मिळालं. जिन्यात उभा राहून वाचलं आणि तिथेच बसलो.

तो खिळा तोच आहे का? नाही म्हण. ती तार तुझी होती का?

मी मिस्टर रोचना फोन करतो. आजच करतो. नको असेल तर लगेच कळव. त्या मुलीला काही झालं असतं तर? तुला झालं असतं तर? आईला अजून सांगितलेलं नाही.

ॲन्सेल


विंडवर्ड
२ जून १९९६

प्रिय ॲन्सेलदादा,

तुझं दहा तारखेचं पत्र बैठकीच्या चार दिवस आधी आलं. एकोणिसाचं काल आलं. रोचसाहेबांना विचारलं, तर तुझा फोन आलाच नाही म्हणाले. इथल्या फोनच्या तारा वाऱ्याने पडल्या होत्या. बरं झालं.

हो, तोच खिळा. तार माझीच. न गंजणाऱ्या पोलादाची असते ती, म्हणून चकचकीत. ठोकळा गोणींसारखाच सिमेंटचा, तुला फरक कसा कळणार? साखळी नुसती आपल्या वजनावर अडकून राहिली असणार, जोराचा वारा येईपर्यंत. तू रडू नकोस. तुझ्यावर मी एक दिवस रागावले होते, तो दिवस संपला.

तुझी पत्रं मी आजीला मोठ्याने वाचून दाखवते हे तू विसरलास. दहा तारखेचंही तसंच वाचायला घेतलं. 'पुडीत टोपी नव्हती' इथे मी तिच्याकडे बघितलं, तर ती खिडकीतून बाहेर बघत होती. मटारांचंही वाचलं. मग त्या चकचकीत तारेच्या ओळीवर आले आणि वाचायची थांबले.

"वाच की."

"एवढंच आहे."

"ॲन्सेल एवढा कंजूष कधीपासून झाला?"

मी पत्राची घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. कळत होतं की हातात सुटका आहे. बैठकीत हे पत्र वाचलं की कुणी म्हणणार नाही लिरिसला गाठ मारता येत नाही. माझे बोये राहतील, गलबत राहील. आणि आजीला कळेल की तिने आपल्या मुलाच्या जागी दुकानाचं लोखंड पुरलं. ढोल, रम, सगळं गाव नाचलं, ते एका डायव्हिंगच्या दुकानाच्या खिळ्याभोवती. स्वप्न पुन्हा दारात येऊन उभं राहील. मी ठरवलं, गप्प बसायचं. खोटं बोलायचं नाही, मी तार बांधली होती एवढंच म्हणायचं, पुढे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला खरं माहीत होतं आणि ते सांगावंसं वाटत नव्हतं.

बैठक शाळेच्या खोलीत होती. मी मुलांच्या बाकावर बसले, गुडघे वर आलेले. सिल्व्हनकाका बोलायला उभे राहिले. "मी काही वाईट बोलत नाही. कॉनराडची मुलगी, माझ्याच मुलीसारखी. पण समुद्रात माया उपयोगाची नाही. लोखंड घट्ट बसलं की नाही एवढंच तिथे विचारतात. हिचं बसलं नाही."

तेवढ्यात दार उघडलं. आजी. पांढरा झगा, दगडाच्या दिवशी तिने घातली होती तीच तिची टोपी. बरोबर शेजारची मिस ईना, मान खाली घातलेली. तेव्हाच मला कळलं, माझी उशी कुणी उचलली आणि पत्र कुणी वाचलं.

"सिल्व्हन, बस खाली," आजी म्हणाली.

"मा थिओ, माझं बोलणं—"

"तुझं बोलणं तुझ्या आईने अर्धवट शिकवलं. बस."

ते बसले. ती पुढे आली, फळ्याजवळ, आणि टेकायला काही न घेता उभी राहिली.

"तो खिळा माझ्या कॉनराडच्या दगडाखाली आहे. मीच मागवला. नातवाला पाठवलं, त्याला वाटलं गलबताचा आहे. मलाही वाटलं. पोरीने तार घट्ट बांधली होती. माझ्या नातवाला ती सोडता आली नाही, सुरीने कापावी लागली. तेव्हा गाठीचं कुणी काही बोलू नये."

मग मागून एक तरुण आवाज आला, "म्हणजे मा थिओ, आम्ही रात्रभर रोचसाहेबांच्या लोखंडाभोवती नाचलो?" आणि हसू फुटलं. आधी मागच्या बाकावर, मग सगळीकडे. दादा, मला तोंड कुठे लपवू असं झालं. आजी मात्र हसू संपेपर्यंत थांबली.

मग तिने विचारलं, "सिल्व्हन, काय काम करतो तो खिळा?"

काकांनी आपल्या हाताकडे बघितलं. त्या वादळात त्यांचा हात बाबांच्या हातातून सुटला होता, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही.

"होडी धरून ठेवतो, मा थिओ."

"वाहू देत नाही?"

"नाही."

"मग झालं. चौदा वर्षं माझा मुलगा वाहत होता. आता तो धरलाय. काढायचा नाही."

काकांनी टोपी काढली. एवढंच. पुढे कुणी हसलं नाही.

मला हवे होते तेवढे बोये मिळाले नाहीत. तीन मिळाले, एका वर्षासाठी, आणि तेही बरीच भांडणं होऊन. त्या कॅनडाच्या बाईंना मी खरं काय झालं ते लिहिलं आहे. उत्तर येईल की नाही माहीत नाही.

परत येताना आजी माझ्या हाताला धरून चालत होती. मी विचारलं, "सगळ्यांसमोर कशाला? तुझा दगड होता तो."

"दगड त्याचा आहे," ती म्हणाली. "माझी तू आहेस. आणि पुन्हा माझी पत्रं अर्धी वाचू नकोस."

स्वप्न पडलेलं नाही. मी रोज सकाळी विचारते, आणि रोज सकाळी ती मला ओरडते.

काल नवा खिळा बसवला. सिल्व्हनकाका होडीतून आले होते. खाली येत नाहीत, पण तारेचं वेटोळं हातात धरून बसले होते. मी पाण्यात उतरताना त्यांनी ते मला दिलं आणि म्हणाले, "दोन वेढे जास्त घाल."

मी घातले. मग नेहमीसारखा एकदा ओढून पाहिला. हलला नाही.

तुझी
लिरिस